पोपटी व्हेज की नॉनव्हेज?

जानेवारीतला शनिवार. खालापूरजवळ एका मित्राच्या शेतावर आम्ही सात जण. भात कधीच कापून झालेला, वालाच्या शेंगा टंच भरलेल्या आणि संध्याकाळी सहालाच थंडी वाजायला लागलेली. तुम्ही रायगडचे असाल, तर पुढचं सांगायलाच नको. पोपटी!

रायगडच्या बाहेरच्यांसाठी सांगते. मातीचं मडकं घ्यायचं. तळाला भांबुर्ड्याचा पाला, त्यावर वालाच्या शेंगा, ओवा, जाडं मीठ. मग बटाटे, रताळी, अंडी, मसाला चोळलेलं आणि केळीच्या पानात गुंडाळलेलं चिकन, परत शेंगा. तोंड पाल्याने गच्च बंद करायचं, मडकं उपडं ठेवायचं आणि भोवती काटक्या, पेंढा, गोवऱ्या पेटवायच्या. पाण्याचा थेंब नाही, तेलाचा थेंब नाही. अर्ध्या-पाऊण तासाने मडक्यावर पाणी शिंपडून बघायचं. चर्रर्र झालं, की समजायचं झाली पोपटी.

तर त्या दिवशी मडकं भरताना ग्रुपमधली डोंबिवलीची मैत्रीण म्हणाली, "माझ्यासाठी वेगळं मडकं लावाल ना?" तिच्या घरी अंडंसुद्धा चालत नाही. वेगळं मडकं लावायला कुणाचीच ना नव्हती. पण आमच्यातला एक जिमवाला बोलून गेला, "अगं, माणूस मुळात मांसाहारीच आहे. सुळे कशाला दिलेत देवाने?" झालं! तिने मोबाइल काढून एक रील लावलं. त्यात वाघाचा जबडा, गाईचा जबडा, माणसाचा जबडा आणि शेवटी निकाल: माणूस निसर्गतः शाकाहारी. मग याने त्याचं रील लावलं. त्यात आदिमानव, भाला, मॅमथ आणि निकाल: माणूस निसर्गतः शिकारी. मडकं पेटायच्या आधी आम्हीच पेटलो.

मी मास मीडियाची विद्यार्थिनी. फॅक्ट चेक हा आमचा असाइनमेंटचा विषय. म्हटलं, चला, दोन्ही रील्सची तपासणी करू. पुढचे काही दिवस कर्जत लोकलमध्ये बसून जे वाचलं, ते तुमच्यासमोर ठेवतेय.

दातांची साक्ष

आधी सुळे. आरशात बघा. आपले सुळे शेजारच्या दातांपेक्षा जेमतेम टोकदार असतात. त्याने हरणाचं कातडं फाटणार नाही, हे खरं. म्हणजे जिमवाला हरला? थांबा. गोरिलाचे सुळे बघितलेत? चांगले लांब, धारदार. आणि गोरिला खातो काय? पानं, कोंब, फळं. ते सुळे प्रतिस्पर्ध्याला घाबरवायला असतात. पाणघोड्याचंही तेच. इतके मोठे सुळे, पण चरतो गवत. उलट पांडा हा अस्वलाच्या कुळातला, आतडी मांसाहाऱ्याची आणि दिवसभर खातो बांबू. म्हणजे नुसते सुळे बघून मेन्यू सांगता येत नाही.

शिवाय माणसाकडे एक गोष्ट होती, जी वाघाकडे नव्हती. हत्यार. इथिओपियात सुमारे २५ लाख वर्षांपूर्वीची प्राण्यांची हाडं सापडली आहेत आणि त्यांवर दगडी हत्याराने मांस कापल्याच्या खुणा आहेत. घरात विळी असेल, तर दातांनी नारळ कोण सोलतो?

आपले सगळ्यात जवळचे नातेवाईक म्हणजे चिंपांझी. ते शुद्ध शाकाहारी असतात, असा बरीच वर्षं समज होता. १९६० मध्ये टांझानियातल्या गोम्बेच्या जंगलात जेन गुडॉल यांनी एका चिंपांझीला मांस खाताना पाहिलं आणि तो समज मोडला. पण त्याचंही प्रमाण लक्षात घ्या. चिंपांझीचा बहुतेक आहार फळं आणि पानं, मांस अधूनमधून.

पोटाची साक्ष

रील्समधला दुसरा आवडता मुद्दा म्हणजे आतडी. वाघाची छोटी, गाईची लांबच लांब, माणसाची मधली, म्हणून आपण गाईच्या बाजूचे. पण गाईच्या पोटात चार कप्पे असतात आणि त्यात गवत आंबवणारे कोट्यवधी जंतू. आपल्याला गवत दिलं, तर आपण उपाशी मरू. चिंपांझी आणि ओरांगउटान यांच्याशी तुलना केली, तर आणखी मजेदार गोष्ट दिसते. त्यांच्या पोटात मोठं आतडं सर्वांत जास्त जागा घेतं, कारण त्यांना चोथा आंबवायचा असतो. आपल्या पोटात निम्म्याहून जास्त जागा लहान आतड्याची. म्हणजे आपलं शरीर गृहीत धरून चाललंय, की येणारं अन्न मऊ, कमी चोथ्याचं आणि पटकन पचणारं असेल. ते झाडाचं की प्राण्याचं, हे ते विचारतच नाही.

पण मग शरीराने कुठेच काही लिहून ठेवलं नाही का? ठेवलंय. आणि दोन्ही बाजूंनी ठेवलंय.

मांजर, कुत्रा, गाय ही सगळी मंडळी सी जीवनसत्त्व स्वतःच्या शरीरात बनवतात. आपल्याला ते जमत नाही. आपल्या फार जुन्या पूर्वजांना फळं एवढी भरपूर मिळत होती, की ही सोय बंद पडली तरी त्यांचं काही अडलं नाही. त्यामुळे आज आपल्याला आवळा, पेरू, लिंबू लागतंच. एक गुण शाकाहाराला.

आता भात. वरणाशिवाय, नुसता भाताचा घास खूप वेळ चावून बघा, गोड लागायला लागतो. लाळेतलं अमायलेज पिठूळ पदार्थाची साखर करतं. हे अमायलेज बनवणाऱ्या जनुकाच्या चिंपांझीत दोनच प्रती असतात, माणसात बऱ्याच जास्त. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात दिसलं, की जपान्यांसारख्या पिठूळ अन्न जास्त खाणाऱ्या लोकांत या प्रती सरासरीने जास्त आणि सायबेरियातल्या याकुट लोकांसारख्या मासे-मांसावर राहणाऱ्यांत कमी. आमच्या कर्जतच्या नावाने तर भाताचे वाणच आहेत, इथल्या संशोधन केंद्राने काढलेले. आपली थुंकीसुद्धा भातवाली म्हणायची. शाकाहाराला दुसरा गुण.

आणि आता बी-१२. रक्त तयार व्हायला आणि नसा नीट राहायला लागणारं हे जीवनसत्त्व फक्त जिवाणू बनवतात. आपल्याला ते मटण, मासे, अंडी आणि दूध यांतून मिळतं. पालेभाजीत, डाळीत, फळात ते भरवशाचं मिळत नाही. शरीराला ते लागतंच आणि भाजीपाल्यात ते नाही. एक सणसणीत गुण दुसऱ्या बाजूला.

म्हणजे सामना बरोबरीत. आपण मिश्राहारी. पण ही गोष्ट इथे संपत नाही. खरी मजा पुढे आहे.

आपलं अर्धं पोट चुलीवर

पावसाच्या तोंडावर कर्जतच्या बाजारात ठाकूर, कातकरी बायका शेवळी घेऊन बसतात, आठवतंय? त्या शेवळीच्या जुडीबरोबर हिरवी, गोटीएवढी काकडं मिळतात. ती फुकटची शोभा नाही. शेवळीत सुईसारखे बारीक स्फटिक असतात. कच्ची किंवा नीट न केलेली खाल्ली, तर घसा असा खाजतो, की विचारू नका. काकडांचा आंबट रस घालून शिजवली, की खाज जाते. कडवे कंद तसेच. काप करून, राखेच्या पाण्यात उकडून, वाहत्या पाण्यात ठेवायचे, तेव्हा कुठे ते खाण्याजोगे होतात. निसर्गाने ही भाजी माणसासाठी ताटात वाढलेली नव्हती. झाडाला स्वतःला वाचवायचं होतं. ती भाजी खाण्याजोगी केली इथल्या बायकांनी, पिढ्यान् पिढ्या करून बघून. आणि सीकेपी घरांत त्याच शेवळीत कोलंबी पडते, म्हणजे पुन्हा व्हेज-नॉनव्हेज एकाच कढईत.

हार्वर्ड विद्यापीठातले मानववंशशास्त्रज्ञ रिचर्ड रँगम यांनी २००९ मध्ये एक आख्खं पुस्तक याच मुद्द्यावर लिहिलं. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: माणसाला माणूस बनवलं ते शिजवण्याने. शिजवलं की कंद मऊ होतो, डाळीतले पचनाला आडवे येणारे घटक मोडतात, मांस चावायला सोपं होतं. तेवढ्याच अन्नातून जास्त ताकद मिळते. म्हणून दात लहान झाले, पोट आटोपशीर झालं. त्यांच्या मांडणीतला काळ सगळ्यांना मान्य आहे असं नाही. पण आग जुनी आहे, हे नक्की. इस्रायलमधल्या एका जागी सुमारे ७ लाख ८० हजार वर्षांपूर्वी मासे शिजवले गेल्याच्या खुणा सापडल्याचं संशोधन २०२२ मध्ये प्रसिद्ध झालं.

उलटा पुरावाही आहे. जर्मनीत ५०० हून अधिक अशा लोकांचा अभ्यास झाला, जे बहुतेक सगळं कच्चंच खात होते. १९९९ मध्ये त्याचे निष्कर्ष आले. ४५ वर्षांखालच्या बायकांपैकी सुमारे ३० टक्के जणींची पाळी बंद पडली होती किंवा अनियमित झाली होती. त्यांचं वजन इतकं उतरलं होतं. हे लोक गरीब नव्हते. सुपरमार्केटमधून हवं ते आणू शकत होते. तरी कच्च्यावर शरीर नीट चालेना.

तर रील्सनी विचारलेला प्रश्नच चुकीचा आहे. माणूस वाघासारखा की गाईसारखा? दोघांसारखाही नाही. वाघ आणि गाय, दोघांच्याही घरी चूल नाही. पोपटीचं मडकं हेच आपलं बाहेरचं पोट. त्यात वाल गेला काय आणि कोंबडी गेली काय, दोन्ही शिजूनच बाहेर येतात.

म्हणूनच ध्रुवाजवळचे इन्युइट लोक पिढ्यान् पिढ्या बहुतांश मासे आणि मांसावर जगले आणि आपल्याकडची जैन कुटुंबं पिढ्यान् पिढ्या मांसाविना. दोघांनीही संसार केले.

पुण्यात काय सापडलं?

इथपर्यंत वाचून शाकाहारी वाचक खूश झाले असतील. त्यांच्यासाठी पुण्याच्या दोन बातम्या आहेत. एक चांगली, एक काळजीची.

चांगली आधी. २०१६ मध्ये एक संशोधन आलं. त्यात पुण्याचे बहुतांश शाकाहारी असलेले २३४ जण आणि अमेरिकेतले ३११ जण यांचं एक विशिष्ट जनुक तपासलं होतं. मेंदूला आणि पेशींना लागणारे काही स्निग्ध घटक मासे-मांसात तयार मिळतात. शाकाहाऱ्याला ते तेलबियांमधल्या साध्या घटकांपासून स्वतः बनवावे लागतात. हे काम जोरात करणारा जनुकाचा प्रकार, आई-बाबा दोघांकडून आलेला, पुण्याच्या गटात ६८ टक्के लोकांत होता. अमेरिकी गटात फक्त १८ टक्के. म्हणजे हजारो वर्षांच्या जेवणाने शरीरही थोडं बदलतं.

आता काळजीची. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलमधले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे सहकारी यांनी खेडी, झोपडपट्टी आणि शहरी मध्यमवर्ग, अशा तिन्हीकडच्या ४४१ मध्यमवयीन पुरुषांचं रक्त तपासलं. २००६ मध्ये निष्कर्ष आले. ६७ टक्के लोकांत बी-१२ कमी! शाकाहाऱ्यांमध्ये ते कमी असण्याचा धोका ४.४ पट. म्हणजे जनुकाने एक बाजू सावरली, पण बी-१२ ची बाजू उघडीच राहिली. तिथे कुठलाही अभिमान कामाला येत नाही.

आणि नॉनव्हेजवाल्यांनो, हसू नका. आपलं नॉनव्हेज म्हणजे बुधवार, शुक्रवार, रविवार. त्यातून संकष्टी, श्रावण, नवरात्र वजा करा. होस्टेलवर असाल तर महिन्याचा शेवटचा आठवडाही वजा करा. रविवारच्या दोन फोडींनी सगळं भागतंच असं नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या बायकांपैकी ५४ टक्के जणींच्या रक्तात हिमोग्लोबिन कमी आहे. आणि २०१४ च्या सरकारी पाहणीत राज्यातले शाकाहारी भरले होते सुमारे ४० टक्के. म्हणजे 'मी सगळं खातो' असं म्हटलं, की रक्त आपोआप लाल होत नाही.

सातवा मित्र

हे सगळं मी शोधलं ते नंतर. त्या संध्याकाळी मात्र आम्ही सहा जण भांडत होतो आणि सातवा गप्प होता. तो कातकरी वाडीवरचा. मडकं लावणं, पाला आणणं, जाळ किती हवा हे बघणं, सगळं तोच करत होता. त्याचं मत कुणी विचारलंच नव्हतं.

मीच विचारलं. तो हसला. म्हणाला, आमच्याकडे असा प्रश्न पडत नाही, जे मिळेल ते खायचं. पहिल्या पावसात वलगणीचे मासे, मग रानभाज्या, भातशेतात खेकडे, भात कापल्यावर बिळातले उंदीर, पुढे कंद. बीळ खणलं, की उंदराबरोबर त्याने साठवलेला भातही मिळतो. मग थोडा वेळ थांबून त्याने एक गोष्ट सांगितली. पाचवीत असताना त्याच्या डब्याकडे बोट दाखवून एक मुलगा ओरडला होता, "याच्या डब्यात उंदीर आहे!" डब्यात बटाट्याची भाजी होती. त्या दिवसानंतर त्याने शाळेत डबा नेला नाही. दहावीपर्यंत.

खरं सांगू? त्यानंतर आमच्यापैकी कुणालाच रील लावावंसं वाटलं नाही.

कारण 'निसर्गतः' हा शब्द आपण शास्त्रासाठी वापरतो असं वाटतं, पण बऱ्याचदा तो दुसऱ्याच्या ताटाकडे बोट दाखवायला वापरला जातो. माझं जेवण निसर्गाचं, तुझं जेवण घाण. किंवा माझं जेवण मर्दाचं, तुझं घासफूस. २०२३ मध्ये आयआयटी मुंबईच्या होस्टेल मेसमध्ये काही टेबलं फक्त शाकाहारी जेवणासाठी राखीव ठेवली. त्याविरोधात तिथे बसून नॉनव्हेज खाल्लं, म्हणून विद्यार्थ्याला १० हजार रुपये दंड झाला. देशातल्या हुशार मुलांच्या कॅम्पसवर भांडण पोचलं ते टेबलापर्यंत.

आणि या भांडणाची किंमत दर वेळी भांडणारेच मोजतात असं नाही. नोव्हेंबर २०२३ मध्ये महाराष्ट्र सरकारने शाळेतल्या पोषण आहारात आठवड्यातून एकदा अंडं द्यायचं ठरवलं. जी मुलं खात नाहीत, त्यांना केळं. साधी, सुटसुटीत सोय होती. तरीही काही गटांनी विरोध केला, शाळेत अंडं शिजायलाच नको म्हणून. जानेवारी २०२५ मध्ये सरकारने अंड्यासाठीचा निधी थांबवला आणि शाळांनी हवं तर लोकवर्गणीतून खर्च करावा, असं सांगितलं. आता कर्जतच्या डोंगरातल्या वाडीवरच्या शाळेने कुणाकडे वर्गणी मागायची? कातकरी हा महाराष्ट्रातल्या तीन विशेष दुर्बल आदिवासी गटांपैकी एक. याच तालुक्यातून कुपोषणाच्या बातम्या येतात. तिथल्या पोराला आठवड्याचं एक अंडं म्हणजे व्हेज-नॉनव्हेजचा वाद नाही. प्रोटीन आहे, बी-१२ आहे आणि बहुतेक घरांत परवडत नाही अशी चैन आहे.

मग आपण काय खायचं?

ज्याला जे पटतं ते. प्राण्याचा जीव घ्यायचा नाही, म्हणून कुणी मांस खात नसेल, तर ते कारण पूर्ण आहे. त्याला आतड्याच्या लांबीचा टेकू लागत नाही. घरात पूर्वापार मासे शिजतात, म्हणून कुणी खात असेल, तर तेही पुरेसं आहे, सुळे दाखवायची गरज नाही. फक्त शरीराचा हिशोब चुकवू नका.

शाकाहारी असाल, तर नुसत्या भातावर किंवा वडापाववर दिवस काढू नका. भाताबरोबर वालाचं बिरडं किंवा वरण घ्या. भातात जे प्रोटीनचे घटक कमी पडतात, ते डाळी-कडधान्यांत असतात, म्हणून ही जोडी जमते. पालेभाजीवर लिंबू पिळा, लोह नीट अंगी लागतं. जेवणानंतर लगेच चहा नको, तो लोह अडवतो. दूध-दही रोज असू द्या. दूधही घेत नसाल, तर बी-१२ ची गोळी किंवा ते मिसळलेले पदार्थ लागणारच, त्याला पर्याय नाही. मांसाहारी असाल, तर चिकनच्या प्लेटशेजारी भाजी आणि फळ दिसू दे. आणि कुणीही असा, सतत थकवा, हातापायाला मुंग्या, वारंवार तोंड येणं असं होत असेल, तर 'सबमिशनचं टेन्शन' म्हणून सोडून देऊ नका. डॉक्टरांना दाखवा, साधी रक्ततपासणी असते.

राहिली आमची पोपटी. त्या रात्री दोन मडकी उघडली. दोन्हीतून भांबुर्ड्याचा सारखाच धुरकट वास आला. डोंबिवलीच्या मैत्रिणीने तिच्या मडक्यातल्या शेंगा सगळ्यांना वाटल्या आणि आम्ही आमच्या मडक्यातलं तिच्या पानापासून लांब ठेवलं, तिने न सांगता. सातव्या मित्राने पहिल्यांदा वाल सोलला, मग अंडं, मग चिकन. त्याला कुणी काही विचारलं नाही.

पोपटीचा सीझन फेब्रुवारीपर्यंत असतो. यंदा कुणी बोलावलं, तर नक्की जा. आणि आयोजक तुम्हीच असाल, तर दोन मडकी लावा. पाला तोच, जाळ तोच. खर्च एका मडक्याचा वाढेल, पण सगळे एका शेकोटीभोवती बसतील.